रीफर सोडून दुधाच्या टँकरवर जायचं म्हणताय?

एप्रिलमध्ये द्राक्षाचा हंगाम आटोपला की पिंपळगावच्या टपरीवर हा विषय हमखास निघतो. रीफर पुरे झाला, आता टँकर बघू. मी नऊ वर्षं रीफर, म्हणजे माल गार ठेवणारा कंटेनर, ओढला, दुधाच्या टँकरवर हे पाचवं वर्ष. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, म्हणून थोडं सांगतो.

कागदाचं आधी उरकून टाकू. अवजड वाहनाचं तेच लायसन्स दोन्हीकडे चालतं. पेट्रोल किंवा गॅसच्या टँकरला धोकादायक मालाचं ट्रेनिंग आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. दुधाला, खाद्यतेलाला लागत नाही. त्यामुळे पुष्कळांना वाटतं, काय, उद्यापासून चढायचं. तिथेच फसतात.

रीफरमध्ये द्राक्षाच्या पेट्या एकदा रचल्या की न्हावा शेवा बंदरापर्यंत जागच्या हलत नाहीत. दूध हलतं. माझ्या दुसऱ्याच खेपेला घोटीच्या अलीकडे एक रिक्षा आडवी आली. ब्रेक दाबला, गाडी व्यवस्थित थांबली, मी सुस्कारा सोडला आणि मग पाठीमागून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी हातभर पुढे गेली. कुणी ढकललं नव्हतं. गाडी थांबली होती, दूध थांबायचं होतं. त्या दिवसापासून थांबल्यावरही पाय ब्रेकवर ठेवायची सवय लागली. वळणावर तर त्याहून वाईट: तुम्ही स्टिअरिंग सरळ करता तेव्हा दूध अजून बाहेरच्या अंगाला चढलेलं असतं. ते परत येताना गाडीला झोका देतं. गाड्या उलटतात त्या पुष्कळदा वळणाच्या शेवटी, या झोक्यात.

काठोकाठ भरलेल्या चेंबरला, म्हणजे टाकीतल्या कप्प्याला, हा त्रास फार नसतो. खरा त्रास निम्म्या चेंबरचा. थंडीत, पुष्टकाळात दूध मुबलक असतं, टँकर भरून निघतो. उन्हाळ्यात दूध आटतं आणि दोन चेंबरमध्ये थोडं थोडं भरून गाडी हातात देतात. तेव्हा भांडायचं. एक चेंबर पूर्ण भरा, दुसरं रिकामं ठेवा, वजन एक्सलवर नीट बसेल एवढं बघा. आतून पत्रा गुळगुळीत असतो, कारण कोपऱ्याकोपऱ्यात दूध अडकलं की धुता येत नाही. लाट मोडायला आत फार काही नाही, हे धरूनच चालवायचं. 20 हजार लिटर म्हणजे साडेवीस टनांच्या वर वजन आहे, आणि कसारा घाटाचा उतार काही आपली ओळख ठेवत नाही.

आता थंडाव्याचं. रीफरवाल्याचा कान जेनसेटवर, म्हणजे थंडाव्याचं मशीन चालवणाऱ्या जनरेटरवर असतो. नवख्यांना त्या आवाजाने झोप लागत नाही, जुन्यांना तो बंद पडला की जाग येते. द्राक्षं शून्याच्या आसपास न्यायची, आईस्क्रीम उणे 18च्या खाली, आणि तापमान नोंदवणारा डेटा लॉगर मिनिटामिनिटाचा हिशोब लिहीत बसलेला. दुधाच्या टँकरवर बहुधा मशीनच नसतं. शीतकरण केंद्रावर दूध 4 अंशांपर्यंत गार करून भरतात, स्टीलच्या दोन पत्र्यांमधलं इन्सुलेशन ते धरून ठेवतं, रात्रभरात एखाद-दुसरा अंश चढतो. अलार्म नाही, डिझेलची काळजी नाही. पण गाडी मे महिन्यात दुपारी बंद पडली तर हाताशी काहीच नाही. रीफरला विजेचा प्लग शोधता येतो, मेकॅनिकला फोन करता येतो. इथे दुसरा टँकर बोलवायचा आणि घड्याळाकडे बघत बसायचं.

डेअरीच्या गेटवर आपली परीक्षा सुरू होते. केमिस्ट वर चढतो, मॅनहोल उघडतो, आधी नाक लावतो. मग दूध ढवळून सॅम्पल: फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), आम्लता, भेसळ. टेस्ट ट्यूबमध्ये दूध उकळतात, त्यात फाटलं की खेप गेली. रीफरमध्ये लॉगरचा आलेख आपली बाजू मांडतो; टँकरमध्ये भरताना घेतलेलं सॅम्पल, त्याचा रिपोर्ट आणि शाबूत सील, एवढंच आपल्या बाजूने बोलतं. सीलचे नंबर भरतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मुंबईच्या वेशीवर अन्न व औषध प्रशासनाची पथकं टँकर अडवून तपासतात, तिथेही तोच फोटो कामाला येतो.

मापाचं एक ऐका. एका ठिकाणी उताराच्या जागेवर गाडी लावून, फेस बसायच्या आत डिपस्टिक (मापाची पट्टी) घातली आणि 60 लिटरची तूट माझ्या नावावर लिहिली. पैसे पगारातून गेले. आता मी वजनकाट्याची पावती घेतल्याशिवाय सही करत नाही. नोकरी धरायच्या आधी शेठला विचारायचा पहिला प्रश्न पगाराचा नाही, तूट कोण भरणार याचा.

खाली केल्यावर धुलाई. आधी पाणी, मग गरम कॉस्टिक सोडा, परत पाणी, ॲसिड, शेवटी गरम पाणी. मशीन धुतं, पण व्हॉल्व्ह आणि गॅस्केट आपणच खोलून बघायचे. कॉस्टिक कातडी सोलतं, हातमोजे घाला. आणि कुणी कितीही सांगो, बाहेर माणूस उभा नसताना टाकीत उतरायचं नाही. बंद टाकीत हवा पुरत नाही, आत गेलेला हाक मारायच्या आत पडतो.

घर म्हणाल तर टँकर जिंकतो. रीफरला जानेवारी ते एप्रिल पोर्टच्या रांगेत रात्री जातात, नंतर आईस्क्रीम, औषधं घेऊन लांबची भाडी. टँकरचा रूट ठरलेला. संध्याकाळचं दूध भरायचं, रात्री चालवायचं, पहाटे खाली करायचं, परतीला रिकामं. मुलगी शाळेत जाताना भेटते, हे माझ्यासाठी मोठं आहे. पण सुट्टी विसरा, गायी दिवाळी बघून आटत नाहीत. झोपही दिवसाची. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली खरी, पण इंजिन बंद की एसी बंद.

आणखी एक गोष्ट रीफरवाल्याला माहीत नसते. दूध दर पेटले की टँकर रस्त्यावर सापडतो. 1 जून 2017ला पुणतांब्यातून शेतकरी संपाला सुरुवात झाली तेव्हा, आणि जुलै 2018च्या दूध आंदोलनातही, व्हॉल्व्ह उघडून दूध रस्त्यावर सोडलं गेलं, पोलिसांच्या बंदोबस्तात टँकर काढावे लागले. अशा वेळी दुधासाठी जीव धोक्यात घालू नका, गाडी बाजूला घ्या. चिडलेली माणसं आपल्याच गावची असतात.

माझं म्हणणं विचाराल तर तापट पायाच्या माणसाने रीफरच चालवावा. ब्रेकवर हलका पाय असेल, घरी लहान मुलं असतील, तर या. शेठला होकार द्यायच्या आधी ओळखीच्या टँकरवाल्याशेजारी बसून दोन खेपा करा, एक भरल्या टँकरची आणि एक मे महिन्यातली, अर्ध्या चेंबरची, कसारा उतरताना.