लाइल ६५६०० : ५.४ ट्रायटनमधले तुटलेले प्लग काढायचं टूल, आणि त्याच्या आधीची मिसफायरची शोधाशोध

सरळ सांगतो, तुमच्याकडे २००४ ते २००७ च्या आसपासचा ५.४ लिटर थ्री-व्हॉल्व्ह ट्रायटन इंजिनवाला एफ-१५० असेल (किंवा एक्स्पिडिशन, इंजिन तेच) आणि स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारे) कंपनीतून आलेलेच असतील, तर पहिल्या प्लगला गोटी (सॉकेट) लावायच्या आधी हे टूल घरात आणून ठेवा. तुटला तर बघू, मग ऑर्डर करू, असं करू नका, कारण मग ट्रक अर्धा उघडलेला ड्राइव्हवेमध्ये उभा आणि सोमवारी कामावर जायला गाडी नाही.

आमचा ट्रक २००६ चा, इकडे टेक्सासमध्ये. लाकूड, माती, घर बदलणाऱ्यांचं सामान, गणपतीत मंडळाचं मखर आणि स्पीकर हॉलवर न्यायचे, सगळं त्याच्यावरच, त्यामुळे विकायचा विषय घरात निघत नाही. त्रास असा सुरू झाला की साधारण ४५-५० मैलांचा वेग, जरासा चढ, ॲक्सिलरेटरवर पाय हलकाच, आणि ट्रक रस्त्याकडेच्या रंबल स्ट्रिपवरून चालल्यासारखा थरथरायचा. पाय जोरात दाबला की गिअर पडायचा आणि थरथर गायब. चेक इंजिनचा दिवा पण नाही लागला. एका गॅरेजवाल्याने चक्कर मारून ट्रान्समिशन गेलं म्हणून सांगितलं आणि असा आकडा सांगितला की त्यात दुसरा जुना ट्रक आला असता. स्कॅनर लावलाच नव्हता त्याने, आणि हेच मला खटकलं.

या इंजिनात ही थरथर बहुतेक वेळा इग्निशनची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागांची निघते, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. त्या वेगाला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला जोड) लॉक झालेला असतो, आरपीएम कमी, वर लोड, म्हणजे सिलिंडरमधलं प्रेशर जास्त. प्रेशर जास्त असलं की ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं, आणि दमलेली कॉइल (प्रत्येक प्लगला व्होल्टेज देणारी) किंवा झिजलेला प्लग नेमका तिथेच मार खातो. आयडलला सगळं बरं वाटतं. आणि कन्व्हर्टर लॉक असल्यामुळे एक सिलिंडर चुकला की तो झटका मधे कुठे जिरत नाही, थेट बॉडीपर्यंत येतो, म्हणून माणसाला वाटतं गिअरबॉक्सच गेला.

कोड नाही म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) नाही असंही नसतं बरं का. मिसफायर ठरावीक प्रमाणाच्या वर गेले तरच कॉम्प्युटर पी०३०१ ते पी०३०८ मधला कोड टाकतो, पण त्याखालची मोजणी चालूच असते आणि मोड ६ मध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या स्वतःच्या चाचण्यांच्या आकड्यांत, सिलिंडरप्रमाणे दिसते. साधा ओबीडी डोंगल (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटात लावायचा) आणि फोनवर फोरस्कॅन ॲप, एवढ्यात काम होतं. आमच्याकडे चार नंबरचा आकडा चढत होता, बाकीचे जवळपास शून्यावर. फोर्डमध्ये एक ते चार पॅसेंजरच्या बाजूला, पुढून मागे, आणि पाच ते आठ ड्रायव्हरच्या बाजूला, हे डोक्यात पक्कं ठेवा कारण शेव्ही वगैरेची मोजणी वेगळी असते आणि भलत्याच सिलिंडरची कॉइल काढली जाते. आणि दिवा लागून नुसता न थांबता लुकलुकायला लागला तर गाडी रेटू नका, न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं आणि तो खर्च प्लगच्या कितीतरी पट आहे.

मग कॉइलची अदलाबदल. चार नंबरची दोनवर, दोनची चारवर, ७ एमएमचा एक बोल्ट असतो फक्त. आकडा कॉइलबरोबर दोनवर गेला असता तर कॉइल खराब, विषय संपला. नाही गेला, चारवरच राहिला. कॉइलचा बूट (प्लगवर बसणारी रबरी नळी) काढून उजेडात बघितला तर आतून पांढरट करडी रेघ होती, म्हणजे ठिणगी प्लगच्या टोकाला न पडता प्लगच्या चिनी मातीच्या भागावरून सरपटत बाहेर जात होती. अशी रेघ दिसली की नुसता प्लग बदलून भागत नाही, बूट पण बदलायचा, नाहीतर ठिणगी जुन्याच वाटेने जाते. प्लगच्या विहिरीत (प्लग ज्या खोल खड्ड्यात बसतो तिथे) पाणी नव्हतं, ते पण बघून घ्या, इंजिन प्रेशरने धुतल्यावर तिथे पाणी साचतं आणि लक्षणं सेम.

म्हणजे प्लग काढणं आलं, आणि इथे या इंजिनाचं खरं दुखणं. त्यातला जुना प्लग दोन तुकडे जोडून केलेला आहे. आट्यांच्या खाली एक लांब बारीक नळी असते, ती हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) खोल बसते, आणि कंपनीने प्लग बदलायला सांगितलेत १ लाख मैलांना. तेवढ्या काळात नळीच्या भोवती काजळी साचून दगड होते, मग तुम्ही फिरवता तेव्हा वरचा भाग फिरतो, नळी फिरत नाही, आणि जोडातून प्लग तुटतो. वरचं हातात, नळी हेडमध्ये, कधी चिनी माती पण आतच. फोर्डने २००८ मध्ये यासाठी टेक्निकल बुलेटिन काढलं, ०८-७-६, ते वाचाच. इंजिन पूर्ण गार हवं, विहिरी आधी हवेने साफ करायच्या, इम्पॅक्ट गन अजिबात नाही. प्लग फक्त १/८ ते १/४ फेरा सैल करायचा, वरून चमचाभर कार्बोरेटर क्लीनर सोडायचा, निदान १५ मिनिटं मुरू द्यायचा, आणि मग घट्ट-सैल घट्ट-सैल करत हळूहळू बाहेर. गरम इंजिनवर काढा म्हणणारे पण भेटतील, मी बुलेटिनच्या बाजूने आहे. मी रात्रभर मुरवलं. प्लग फिरताना कर्र कर्र किंचाळतो, आवाज वाढला की थांबायचं, परत घट्ट करायचं, अजून क्लीनर. घाई केली की संपलं.

एवढं करूनही मागचे तुटतातच. पॅसेंजर बाजूचा चार नंबर तर फायरवॉलला चिकटून, हात वाकडा करून काम, आणि तोच तुटला.

आता टूल. लाइल ही आयोवातल्या क्लॅरिंडाची कंपनी, आणि हे ६५६०० फक्त याच कामासाठी आहे, ४.६, ५.४ आणि ६.८ थ्री-व्हॉल्व्हसाठी. त्याची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ड्रिल मारावं लागत नाही. ड्रिल मारलं की धातूचा चुरा सिलिंडरमध्ये जायची भीती, इथे ती नाहीच. आधी पुशर, तो हेडमधल्या प्लगच्या आट्यांमध्येच बसतो आणि मधला स्क्रू फिरवला की आत उरलेली चिनी माती नळीतच खाली दाबली जाते, म्हणजे वर जागा होते. मग पुलर, त्याचे आटे त्या नळीच्या आतल्या भिंतीत स्वतःच चावत बसतात. पकड आली की हाताला कळतं, फिरवणं एकदम जड होतं. मग वरचा नट रॅचेटने फिरवायचा. सुरुवातीला काही होत नाही, नट नुसता ताणतो, आणि मग एक बारीक कडकड येते, काजळी सुटल्याची, आणि त्यानंतर नळी नटाबरोबर वर यायला लागते. बाहेर आली तेव्हा काळी कुळकुळीत, भोवती काजळीचा थर, आणि चिनी माती आतच अडकलेली. तुटलेला वरचा भाग आणि ही नळी शेजारी ठेवून टोकाची वाकडी पट्टी शाबूत आहे का ते नक्की बघा, ती गायब असेल तर ती सिलिंडरमध्ये आहे आणि आधी ती काढल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. टोकच मोडलेलं असेल तर पुशरने दाबलेली चिनी माती पण खाली पडू शकते, तिथे हे टूल पुरत नाही.

पुलरवर जोर लावताना मोठा दांडा घालू नका, बेताचाच रॅचेट. आणि लांब एक्स्टेन्शन, ९/१६ ची प्लगची गोटी हे वेगळं जमवावं लागतं. एका कामाचं टूल आहे म्हणून कोणी नाक मुरडेल, पण हेड उतरवायचा खर्च विचारून बघा. विकत नको असेल तर पार्ट्सच्या दुकानात डिपॉझिट ठेवून असली टूल्स उसनी मिळतात, आधी फोन करून विचारा.

परत बसवताना मी चॅम्पियनचे ७९८९ घातले, ते एकसंध आहेत, नळी वेगळी होऊच शकत नाही. नळीवर निकेल अँटी-सीझचा (परत चिकटू नये म्हणून लावायची पेस्ट) पातळ हात (टोकाला लागू द्यायचं नाही), बुटात थोडं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस, आणि टॉर्क २५ फूट-पाउंड, म्हणजे ३४ न्यूटन मीटर, अंदाजाने नाही, टॉर्क रेंचनेच. बूट आठही नवे. नावगाव नसलेल्या स्वस्त कॉइल ऑनलाइन आठाच्या संचात मिळतात, त्या नका घेऊ, जुनी ओरिजिनल कॉइल नवा बूट घालून जास्त भरवशाची.

तोच चढ, तोच वेग, थरथर नाही. मोड ६ मध्ये चार नंबर आता बाकीच्यांसारखाच. ट्रान्समिशनला कोणी हात लावलेला नाही.

टूलला माझ्याकडून पाचपैकी पाच. फक्त घ्यायच्या आधी कॉइलचे बूट बघा. काळे असतील तर जुने प्लग, हे टूल लागणार. तपकिरी असतील तर ऑक्टोबर २००७ नंतरचे बदललेले हेड असणार, त्यात हा दोन तुकड्यांचा प्लग नाही, पैसे वाचवा.