मेमटेस्ट८६ प्लस: जुन्या गेमिंग पीसीच्या रॅमची झाडाझडती

वापरलेला असेंबल्ड गेमिंग पीसी घेतला की रॅमचं दुखणं सहसा रॅमचं नाव घेऊन समोर येत नाही. गेम रंगात आलेला असताना बंद पडून डेस्कटॉप दिसतो. निळ्या स्क्रीनवर आज ‘मेमरी मॅनेजमेंट’ असतं, उद्या ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (डेटा जुळत नसल्याची तक्रार) येते आणि तीच फाइल दुसऱ्यांदा मुकाट्याने उघडते. लक्षण दर वेळी बदलत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा टाकत बसण्याआधी रॅम तपासावी, आणि त्यासाठी मेमटेस्ट८६ प्लस, म्हणजे विंडोज सुरू न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारी रॅमची चाचणी, हे पहिलं साधन.

डाउनलोड करताना नावाचा घोळ होतो. नुसतं मेमटेस्ट८६ वेगळं. २०१३पासून ते पासमार्क या कंपनीकडे आहे आणि त्याची फुकट आवृत्ती चार पासनंतर (पास म्हणजे सगळ्या चाचण्यांचं एक आवर्तन) थांबते. ‘प्लस’ ही २००४ साली फुटलेली स्वतंत्र शाखा. ती पूर्ण मोफत, मुक्त स्रोत आणि पासवर कसलीही मर्यादा नसलेली. मात्र तिची ५.०१ ही जुनी आवृत्ती अजूनही इकडेतिकडे सापडते आणि यूईएफआय (बायॉसचं आधुनिक रूप) असलेल्या नव्या मदरबोर्डवर बूटच होत नाही. २०२२मध्ये आलेल्या ६.०० किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या.

पेनड्राइव्ह कुठलाही चालतो, फक्त त्यातला डेटा पुसला जातो. मेमटेस्ट सुरूच होत नसेल तर बायॉसमध्ये सिक्युअर बूट (अनोळखी प्रोग्रॅमवरून मशीन सुरू होऊ न देणारी सोय) बंद करावं लागतं. त्याआधी एक खबरदारी: विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, कारण हा बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं. बायॉसमध्ये शिरलाच आहात तर रॅमच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. आधीच्या मालकाने टायमिंग, व्होल्टेज काय ठेवलं होतं ते नंतर हवं असतं. डीडीआर४ पिढीच्या रॅमचं मूळ व्होल्टेज १.२, एक्सएमपी प्रोफाइलवर (रॅममध्येच साठवलेली जास्त वेगाची सेटिंग) बहुधा १.३५. तिथे १.५ दिसलं तर कोणीतरी रॅम बरीच ताणलेली आहे असं समजा.

पहिली फेरी आहे त्याच सेटिंगवर चालवा, काही न बदलता. पहिला पास मुद्दाम हलका ठेवलेला असतो, म्हणून तो निर्मळ गेला यावर हुरळून जाऊ नये. किमान चार पास हवेत. ३२ जीबीला एकेका पासला तासभर किंवा जास्त लागू शकतो, त्यामुळे रात्री लावून सकाळी बघणं सोयीचं. आणि चालण्याजोग्या चुकांची संख्या शून्य. ‘एकच तर एरर आहे’ म्हणून सोडून दिलेली चूक पुढे सेव्ह फाइल किंवा विंडोजची सिस्टिम फाइल खाते.

या साधनाची खरी किंमत लाल ओळी उमटतात तेव्हा कळते. प्रत्येक ओळीत पत्ता, अपेक्षित मूल्य आणि सापडलेलं मूल्य असतं. समजा अपेक्षित ०००००००० होतं आणि सापडलं ०००००४०० (हे आकडे हेक्समध्ये असतात, एका अंकात चार बिट). म्हणजे बत्तीसपैकी एकच बिट उलटा वाचला गेला, उजवीकडून अकरावा. प्रत्येक पासमध्ये त्याच पत्त्यावर तोच बिट चुकत असेल, तर चिपमधला तो कप्पा मेलेला आहे. सेटिंग कितीही सैल केली तरी तो परत यायचा नाही. उलट पत्ते आणि बिट दर वेळी बदलत असतील, त्यातही पहिला तास स्वच्छ जाऊन मग चुका सुरू होत असतील, तर संशय वेग, व्होल्टेज आणि उष्णतेवर घ्यावा. अशा स्टिक (रॅमच्या पट्ट्या) पुष्कळदा धडधाकट असतात आणि उगाच फेकल्या जातात.

म्हणून दुसरी फेरी सीमॉस क्लिअर करून (म्हणजे बायॉसची सेटिंग मूळपदावर आणून), एक्सएमपी किंवा एएमडीचं तसंच एक्स्पो प्रोफाइल बंद ठेवून. पॉवर सप्लाय भिंतीवरून बंद करायचा, मदरबोर्डवरचा जंपर जोडायचा किंवा त्यावरचा सीआर२०३२ सेल काही मिनिटं काढून ठेवायचा. डीडीआर५ असेल तर यानंतर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मेमरी ट्रेनिंग (मदरबोर्ड रॅमशी ताळमेळ जुळवतो ते) चाललेलं असतं, घाबरून बटण दाबू नका. डिफॉल्टवर चुका गायब झाल्या तर दोष प्रोफाइलचा. चुका राहिल्याच तर एक एक स्टिक तपासावी: बहुतेक चार स्लॉटच्या बोर्डांवर प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये, एरवी मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्ये. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक खराब. स्टिक कुठलीही लावा, चूक एकाच स्लॉटला चिकटून राहिली तर मदरबोर्ड, सॉकेट किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर. हा फरक मेमटेस्ट स्वतःहून सांगत नाही, स्टिक हलवूनच काढावा लागतो.

जुन्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त सापडणारी भानगड म्हणजे वेगवेगळ्या किटची (एकत्र विकलेल्या स्टिकच्या संचांची) जोडाजोड. दोन स्टिक आधीच्या, दोन नंतर घेतलेल्या. ब्रँड तोच, आकडा तोच, आतल्या चिप मात्र निराळ्या. मेमटेस्टच्या स्क्रीनवर खाली स्टिकची माहिती येते. पार्ट नंबर ताडून बघा. विंडोजमध्ये सीपीयू-झेडच्या एसपीडी टॅबवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्षही दिसतं. चार स्टिक एकाच किटच्या असल्या तरी वेग टिकेलच असं नाही. रायझन ७००० मालिकेत दोन डीडीआर५ स्टिकसाठी अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६००वर येतो. तिथे चार स्टिकवर ६०००चं प्रोफाइल लावून स्थिरतेची अपेक्षा धरणं चूक आहे. दोन स्टिक काढा आणि मग बघा, निम्मी कटकट तिथेच मिटते.

१६ जीबी लावून विंडोज निम्मीच वापरता येते म्हणत असेल किंवा एक चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधल्या रस्त्यांपैकी एक) दिसतच नसेल, तर मेमटेस्टच्या आधी हार्डवेअरकडे बघा. प्रवासात स्टिक अर्धवट उचकटलेली असते. एकाच बाजूला खटका असलेल्या स्लॉटमध्ये दुसरं टोक बसलं की नाही ते पटकन लक्षात येत नाही. कॉन्टॅक्ट नव्व्याण्णव टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबर घासण्याची जुनी सवय टाळावी, त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो आणि सोन्याचा पातळ थरही झिजतो. प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली पिन किंवा कूलरचे एका बाजूला जास्त आवळलेले स्क्रू यांनीही अख्खं चॅनल गायब होतं. स्क्रू सैल करून तिरक्या जोडीने थोडे थोडे आवळून बघणं फुकटचं काम आहे, आधी तेच करावं.

आता मेमटेस्ट८६ प्लसची उणी बाजू. ते चालताना ग्राफिक्स कार्ड जवळपास झोपलेलं असतं. गेममध्ये तेच कार्ड केसमधली हवा तापवतं, रॅम गरम होते आणि रात्रभर निर्मळ गेलेली स्टिक तासाभरात चुकते. त्यामुळे इथे पास झालं याचा अर्थ ‘विंडोज सुरू करायला हरकत नाही’ एवढाच घ्यावा. पुढची परीक्षा विंडोजमधून टेस्टमेम५ या चाचणीची, अँटा७७७ या नावाने फिरणारी एक्स्ट्रीम कॉन्फिग (तयार सेटिंग फाइल) घालून आणि सोबत ग्राफिक्स कार्डवर भार ठेवून. क्रम मात्र उलटा करू नका: खराब रॅमवर विंडोज चालवलं तर फाइली बिघडतात. दोष काढल्यावर विंडोजच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करणारा सिस्टिम फाइल चेकर एकदा फिरवावा. विंडोजची स्वतःची मेमरी डायग्नोस्टिक फक्त ढोबळ दोष पकडते. पेनड्राइव्ह हाताशी नसेल तेव्हाच ती वापरा, तीही एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडून.

आणखी एक सापळा इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा. दोन्ही चाचण्या स्वच्छ जातात, तरी अनरिअल इंजिनवरचे गेम व्हिडिओ मेमरी संपल्याची तक्रार करून पडतात आणि संशय रॅमवर किंवा कार्डवर जातो. दोष जास्त व्होल्टेजने झिजलेल्या प्रोसेसरचा असू शकतो. २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधले किंवा त्यापुढचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) असलेलं बायॉस टाकायलाच हवं, पण झालेली इजा त्याने भरून निघत नाही. बायॉस अपडेट करताना रॅम डिफॉल्टवर ठेवा, अस्थिर रॅमवर फ्लॅश करण्याचा धोका पत्करू नका.

स्टिक खरोखर मेली असेल तर वॉरंटी बघा. बऱ्याच कंपन्या रॅमला आजीवन वॉरंटी देतात, पण बिल मागू शकतात आणि किटच्या दोन्ही स्टिक एकत्र मागवतात. मेमटेस्ट८६ प्लस खराब पत्त्यांची यादी लिनक्सला टाळता येईल अशा रूपात काढून देतं. ही सोय उत्तम आहे आणि प्रयोगाच्या मशीनवर जरूर वापरावी. गेमिंगच्या पीसीवर मात्र तिच्या भरवशावर राहू नये, कारण आज एक कप्पा गेलेल्या चिपमध्ये शेजारचेही जाऊ शकतात. बदली येईपर्यंत चांगली स्टिक एकटीच चालवा. ड्युअल चॅनल गेल्याने फ्रेमरेट पडेल, पण सेव्ह फाइली शाबूत राहतील.