शुगर ग्लायडरला काय घालायचं: घरची फळं, मध-अंड्याचं मिश्रण की तयार दाणे?

वर्धेजवळच्या आमच्या गावात हा प्राणी पाहिला की पहिला प्रश्न, "खार पाळली का हो?" खार नाही. ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडचा, कांगारूसारखा पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणारा, शंभर-सव्वाशे ग्रॅमचा निशाचर जीव. जंगलात झाडाचा चीक आणि डिंक चाटतो, फुलांतला मध पितो, किडे खातो. जोडी आणायचा विचार असेल तर पिंजऱ्याआधी खाण्याचं ठरवा.

घरची फळं सगळ्यांत स्वस्त, आणि मी फसलो तो तिथेच. पहिल्या नराला केळं आणि मक्याचे कोवळे दाणे आवडायचे, मी तेच देत गेलो. काही महिन्यांनी एका संध्याकाळी तो जाळीवर चढताना मागचे पाय ओढू लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडं ठिसूळ झालीत. यांच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट-दुप्पट लागतं. १०० ग्रॅम मक्यात कॅल्शियम जेमतेम २ मिलिग्रॅम, फॉस्फरस ८९ च्या आसपास. केळ्यात ५ आणि २२. पपई त्या मानाने बरी, २० आणि १०, पण नुसत्या पपईत प्रथिनं कुठली?

मध-अंड्याचं मिश्रण, म्हणजे लेडबीटर मिश्रण, घरी होतं: १५० मिली कोमट पाणी, तेवढाच मध, एक उकडून सोललेलं अंडं, २५ ग्रॅम बाळांचं सिरिअल, चमचाभर कॅल्शियम-व्हिटॅमिनची पूड. मिक्सरमधून काढून बर्फाच्या ट्रेत गोठवायचं. रात्री दिवा मालवला की वाटीतून चपचप ऐकू येते. भानगड उन्हाळ्याची. पारा ४५ वर आणि दुपारभर लाइन गायब. ट्रे वितळला की सरळ फेकायचा, पुन्हा गोठवायचा नाही. मधामुळे मुंग्या येतात त्या वेगळ्याच. आमच्या पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे आहेत.

तयार दाण्यांना फ्रीज लागत नाही, मागवून डब्यात भरले की झालं. पण ससा-हॅमस्टरचे नकोत, कीटकभक्षी प्राण्यांसाठीचेच घ्या. आमची मंडळी दाणा चावून चोथा थुंकतात, सकाळी खाली भुसा. पोटात किती गेलं देव जाणे.

माझं मत विचाराल तर निम्मं मिश्रण, निम्मे दाणे, वर थोडी पपई किंवा संत्र्याची फोड. उन्हाळ्यात मिश्रण अर्ध्या मापाचंच करा. किडे मात्र शेतातून धरून आणू नका. कपाशीवर फवारणी चालू असते, नाकतोडा तेच औषध अंगावर घेऊन येतो. मीलवर्म, म्हणजे एका भुंग्याच्या अळ्या, गव्हाच्या कोंड्यात घरी वाढतात, देण्याआधी त्यांना कॅल्शियमची पूड खाऊ घाला. आणि बाभळीचा डिंक! ज्यासाठी परदेशात लोक पाकिटं विकत घेतात, तो आपल्याकडे बांधावर लागतो. फक्त फवारलेल्या शेताचा बांध नको.

घरात फ्रीज नाही आणि दाणेही वेळेवर मिळत नाहीत, अशी स्थिती असेल तर जोडी आणूच नका. आमच्या त्या नराचे पाय औषधाने थोडे सुधारले, पण पडद्यावरून खांद्यावर झेपावणं त्याला पुन्हा जमलं नाही.