वायपरच्या एका डबीसाठी ब्यूलीचा जुना बाजार

एप्रिलमध्ये इंग्लंडच्या दक्षिणेला न्यू फॉरेस्टमधून साउदम्प्टनला परतताना भर पावसात माझ्या एमजीबीचा, म्हणजे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचा, उजवा, म्हणजे ड्रायव्हरकडचा वायपर अर्ध्या काचेवर थांबला. डावा चालू होता, तोही रडतखडत. उरलेले सहा मैल खिडकी खाली करून, मान बाहेर काढून गाडी हाकली. गाडी १९७२ची जीटी, म्हणजे पक्क्या छपराची. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना इथे एमओटी ही वार्षिक तपासणी माफ असते, पण वायपर चालू हवेतच.

घरी आल्यावर पहिल्यांदा मोटरच्या नावाने बोटं मोडली. लुकास कंपनीच्या विजेच्या सामानाला इथले लोक गमतीने ‘अंधाराचा राजपुत्र’ म्हणतात, त्यामुळे काहीही बंद पडलं की खापर फोडायला डोकं तयारच. पण या गाडीत मोटर आणि वायपरच्या मध्ये बरंच काही आहे. मोटर एक लवचिक तार बारीक नळीतून मागेपुढे ढकलते. तारेवर स्प्रिंगसारखा पीळ असतो, तो व्हीलबॉक्स नावाच्या दोन छोट्या डब्यांमधल्या दातेरी चाकांत अडकतो. चाकाचा दांडा काचेखालून बाहेर येतो आणि त्याच्या खाचांवर वायपरचा हात बसतो. माझ्या उजव्या दांड्याच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या.

एका ऑनलाइन दुकानातून नव्याने बनवलेली जोडी मागवली. दिसायला चकचकीत, पण खाचा इतक्या उथळ की हात बसवून कोरड्या काचेवर फिरवला तर तिसऱ्या फेरीला घसरला. परत पाठवली, पैसे मिळाले, टपालखर्च माझ्या माथी. दुकानाचं नाव घेत नाही, कारण तोच माल त्याच फोटोसकट आणखी चार ठिकाणी विकायला आहे.

म्हणून सप्टेंबरात ब्यूली. स्पेलिंग फ्रेंच थाटाचं, उच्चार मात्र ब्यूली. तिथल्या नॅशनल मोटर म्युझियमच्या बाजूच्या कुरणांत १९६७पासून जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा हा बाजार भरतो. पुण्याच्या जुन्या बाजारात ज्याने रविवार घालवलेत त्याला इथे परकं वाटणार नाही. तीच ताडपत्री, तेच गंजके ढीग, आणि ‘हे कशाचं आहे?’ विचारल्यावर विक्रेत्याचा तोच चेहरा. फरक इतकाच की इथे तिकीट काढून आत जायचं, पाय चिखलात, आणि चिप्सचा भाव ऐकून भूक मरते. मी घरून थालीपीठ नेलं होतं.

पहिल्या तासाभरात काहीच हाती लागलं नाही. एकाने माझ्यासमोर मिनी गाडीचा व्हीलबॉक्स धरला आणि ‘सगळे सारखेच असतात’ म्हणाला. सारखे नसतात. मी जुना डबा आणि मापं घ्यायचा व्हर्नियर खिशात घेऊन गेलो होतो म्हणून वाचलो. या दोन वस्तूंशिवाय तिथे जाऊ नका, आणि रोख रक्कम न्या.

मग एका कोपऱ्यात एक म्हातारेबुवा भेटले. खुर्चीपाशी थर्मास, टेबलावर बिस्किटांच्या डब्यांत वायपरचं सामान. मी आधी मोटरच मागितली. त्यांनी विचारलं, ‘तार ओढून बघितलीस का?’ मी गप्प. ते म्हणाले, वायपरचे हात काढ, तार मोटरपासून सोडव आणि ताणकाटा लावून ओढ. सहा पौंडांपेक्षा जास्त जोर लागला तर दोष मोटरचा नाही. आणि मोटर घ्यायचीच वेळ आली तर आतल्या गिअरवर ठोकलेला अंशांचा आकडा बघ, तो चुकला तर वायपर काच सोडून भलतीकडे जातात. एवढं सांगून मोटर काही दिली नाही. टेबलावर तीन होत्या!

माझा डबा घेऊन त्यांनी चाकाच्या दातांवरून नख फिरवलं. ‘इथे झिजलाय बघ, आणि समोरच्या बाजूला कोरा.’ चाक पूर्ण फिरतच नाही, अर्धवट जातं आणि येतं, त्यामुळे तेवढेच दात झिजतात. तेव्हा डावा डबा फेकायचा नाही, चाक अर्धं फिरवून परत बसवायचं. उजव्याच्या खाचाच गेल्यामुळे तो तेवढा जुन्या साठ्यातला घेतला: १२ पौंड. मी आठ म्हणालो, ते हसले. मी बारा दिले.

घरी ताणकाटा नव्हता, पण पुण्याला जाताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा होता. तारेला अडकवून ओढला तर ५.८ किलो! सहा पौंड म्हणजे पावणेतीन किलोसुद्धा नाही. नळीतलं पन्नास वर्षांचं ग्रीस वाळून मेण झालं होतं. तार बाहेर काढून रॉकेलने पुसली, नळीतून चिंधी ओढली, नवं ग्रीस लावलं. काटा १.९. मोटरला हात न लावता वायपर पळायला लागले. मधले पाच तास मी डॅशबोर्डखाली उताणा होतो, मीटर काढल्याशिवाय उजव्या डब्यापर्यंत हात पोचत नाही. बोटांची सालटं निघाली, त्याचा दोष बाजाराला देता येत नाही.

बाजाराला पाचपैकी चार. एक गुण पार्किंगपासून चालवलं त्याबद्दल कापला. लवकर गेलात तर चांगला माल दिसतो, दुपारनंतर फक्त हबकॅप उरतात.

एक खोट राहिलीय. उजवं पातं बंद केल्यावर काचेच्या रबरापासून दोन बोटं वर थांबतं. हात एक खाच खाली बसवला की रबरावर आपटतं. मधली खाच नाही. तसंच ठेवलंय.