गुलमर्गला दोन तास नको, मुक्कामाला जा

आपल्या टूरवाल्यांच्या काश्मीर पॅकेजमध्ये गुलमर्ग म्हणजे कसं, श्रीनगरहून सकाळी निघायचं, गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, रांगेत उभं राहायचं, स्लेजवाल्याशी भावावरून हुज्जत घालायची, भाड्याच्या कोटात फोटो काढायचे आणि संध्याकाळी परत. मजा येते, नाही असं नाही. पण ज्याच्यासाठी जगभरातून लोक इथे पाठीवर स्की टाकून येतात ते यात येतच नाही. मी आणि माझी बहीण फेब्रुवारीत फक्त स्कीइंगसाठी गेलो होतो, दोघीही पुण्याच्या, बर्फाशी संबंध फ्रीजरपुरता, म्हणून हा रिव्ह्यू तसल्याच लोकांसाठी.

आधी गोंडोला. दोन टप्पे आहेत, गुलमर्ग (साधारण २,६५० मीटर) ते कोंगडोरी, आणि तिथून वर अफरवट डोंगराच्या खांद्यावर, म्हणजे जवळजवळ ३,९५० मीटर. पहिला टप्पा १९९८ चा, दुसरा २००५ चा, यंत्रणा फ्रेंच. तिकीट ऑनलाइनच काढायचं आणि लवकर काढायचं, सीझनमध्ये दुसऱ्या टप्प्याचं पटकन संपतं, आणि वर वारा असला की तो टप्पा बंदच ठेवतात त्यामुळे एकाच दिवसावर सगळं लावून बसू नका. वर पोचल्यावर हवा विरळ लागते, दहा पावलं चाललं तरी धाप लागते. ऊन असेल तर समोर सगळा पीर पंजाल आणि लांबवर नंगा पर्वत, काही बोलायलाच नको.

पण नवशिक्यांनी स्कीइंगसाठी वर जायचं नाही हं. युरोपात असतात तसे दाबून सारखे केलेले उतार वर नाहीत, तो सगळा मोकळा डोंगर आहे आणि हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर त्यात दगावले, पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत एक रशियन दगावला. स्की पेट्रोल, म्हणजे उतारांवर सुरक्षेची गस्त घालणारी मंडळी, सांगतील तेव्हाच आणि तिथेच, वर गाइड हवाच. ‘काही होत नाही मॅडम’ म्हणणारे खाली भरपूर भेटतात, त्यांचं ऐकू नका.

शिकायचं ते खाली, गोल्फ कोर्सजवळच्या उतारांवर. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि माउंटेनीअरिंगची संस्था इथेच आहे, तिथे रीतसर कोर्स असतात पण आधीपासून नाव नोंदवावं लागतं. आम्ही खासगी इन्स्ट्रक्टर घेतला, खालच्या टंगमर्ग गावचाच मुलगा, वय पंचवीसच्या आत, आणि शिकवणं इतकं शांतपणे की मला स्कूटर शिकवणाऱ्या माझ्या काकांनी येऊन बघावं. पहिला पूर्ण दिवस फक्त स्कीची टोकं आत वळवून थांबायचं, त्याच्या भाषेत ‘पिझ्झा बनाओ’, आणि पडल्यावर उठायचं कसं. उठणं हे पडण्यापेक्षा खूप अवघड आहे, पोटऱ्या आणि मांड्यांनी दुसऱ्या दिवशी संप पुकारला. तिसऱ्या दिवशी छोट्या लिफ्टला धरून वर जाऊन न पडता खाली आले तेव्हा जो काही आनंद झाला, शेजारचा सात-आठ वर्षांचा काश्मिरी पोरगा हातात काठ्याही न घेता सूं करून निघून गेला तरी कमी झाला नाही.

भाड्याच्या सामानाचं मात्र नीट बघा, इथेच सगळी गडबड आहे. एका दुकानाने मला दोन नंबर मोठे बूट दिले आणि वर ‘मोजे जाड घाला’ म्हणाला. बूट घालून ताठ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरली पाहिजेत, टाच अजिबात उचलली जाता कामा नये. बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीवर, आकडा असतो तो तुमचं वजन विचारून सेट करायला लावा, कारण पडल्यावर स्की सुटली नाही तर गुडघा जातो. दुकान बदललं आणि अर्धं स्कीइंग तिथेच सुधारलं.

आता टंगमर्ग. गुलमर्गच्या खाली १३ किलोमीटरवर, आणि लोक इथे फक्त गाडी बदलायला थांबतात. बर्फ पडला की साध्या गाड्या वर सोडत नाहीत, चेन लावलेली किंवा फोर बाय फोर घ्यावी लागते. आमच्या ड्रायव्हरने रस्त्यावर चेन पसरली, गाडी अर्धा फूट पुढे घेतली, चाकावर ओढून हुक अडकवले, पाच मिनिटांत काम फत्ते, हातमोजे नाहीत की काही नाही. गमबूट आणि कोट इथेही भाड्याने मिळतात. आम्ही शेवटच्या दोन रात्री इथे राहिलो कारण गुलमर्गची हॉटेलं सीझनमध्ये खिसा रिकामा करतात. खोली साधी, बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटवलेली, घरचे लोक इतके अगत्यशील की नको म्हणायची सोय नाही. सकाळी कांदुराच्या, म्हणजे तिथल्या रोटीवाल्याच्या, तंदूरमधला गरम गिर्दा (गोल रोटी) आणि नून चाय. चहा गुलाबी आणि खारट असतो, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, दुसऱ्या दिवशी मागून घेतला. जवळच द्रंगचा धबधबा आहे, कडक थंडीत जागच्या जागी गोठतो, गर्दी व्हायच्या आत सकाळी जा.

रोज वर-खाली करण्यात वेळ जातो हे खरं, म्हणून शिकायचे दिवस गुलमर्गला राहा. चार वाजता टूरच्या गाड्या उतरल्या की ते गाव वेगळंच होतं, निवांत फिरता येतं. टेकडीवरचं सिनेमांतून ओळखीचं झालेलं शंकराचं देऊळ जून २०२४ मध्ये आगीत जळालं होतं, ऐकून गलबललं. गुलमर्गला जेवण ठीकठाक, पंजाबी सगळं मिळतं, भाव चढे.

बाहेरची प्रीपेड सिम तिकडे चालत नाहीत, पोस्टपेड न्या. आणि बुकिंग करताना कॅन्सलेशन फुकट आहे का ते आधी बघा. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे ४० दिवस, तेव्हा बर्फ असणारच असं आता धरून चालता येत नाही, जानेवारी २०२४ मध्ये लोक गेले आणि समोर पिवळं गवत, घोडेवाले, बस्स. मी तरी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्याचीच तिकिटं काढीन.