धारप, मतकरी की अर्णाळकर : पहिलं पुस्तक कोणाचं घ्यायचं?

'मराठीतलं काहीतरी थरारक सुचवा' म्हटलं की चार नावं एका दमात सांगितली जातात : नारायण धारप, रत्नाकर मतकरी, बाबूराव अर्णाळकर, सुहास शिरवळकर. दुकानातही ती बहुतेक एकाच फळीवर असतात. प्रत्यक्षात धारपांची भीती बाहेरून घरात शिरते, मतकरींची घरातच राहत असते, आणि उरलेल्या दोघांकडे भीतीपेक्षा 'पुढे काय' ही ओढ जास्त. हे माहीत नसताना हाताला येईल ते उचललं, तर विसाव्या पानावर खूण घालून पुस्तक बाजूला पडतं आणि दोष लेखकाला मिळतो.

खरी निवड धारप आणि मतकरी यांच्यातच आहे.

धारप (१९२५–२००८) विज्ञानकथाही लिहीत, आणि त्यांच्या भयकथेचा सांगाडा तसाच आहे : आधी निरीक्षण, मग नियम, मग उपाय. सुरुवातीची बरीच पानं घराचा पत्ता, भाडं, नोकरी, येण्याजाण्याच्या वाटा असल्या तपशिलात जातात. एका कादंबरीचं नावच '४४० चंदनवाडी'. निवेदक सहसा हिशोबी, भुताखेतांना न मानणारा. मग घरातली एकच खोली जरा जास्त गार लागते, एक वास येतो पण कुठून ते सापडत नाही, शेजारी साध्या प्रश्नाला उत्तर द्यायचं टाळतो. नवखा वाचक इथेच कंटाळतो आणि पानं गाळायला लागतो. तसं करू नये. ही रुक्ष पानं पुढच्या प्रकाराची तारण असतात. ती गाळली की शेवटचा सामना नुसता आरडाओरडा वाटतो.

त्यानंतर नियम उलगडतो : जे आहे ते कुठल्या मितीतून आलं, त्याला काय हवंय, ते कशाला बिचकतं. 'समर्थ' मालिकेत हे सगळं जाणणारा माणूस गोष्टीतच आहे आणि अप्पा जोशी त्याच्या हकिकती सांगतात. कोणीतरी अडचणीत सापडतं, समर्थ येतात, सामना होतो, निवारण होतं. वाचून शांत झोप लागते, हा त्यांचा गुणही आणि दोषही. सलग तीन समर्थकथा वाचल्या की साचा उघडा पडतो, कारण समर्थ हरणार नाहीत हे कळून चुकलेलं असतं. म्हणून भीतीच हवी असेल तर समर्थ नसलेले धारप निवडावेत. तिथे सोडवायला कोणी येईलच याची खात्री नसते.

अमेरिकी भयकथालेखक स्टीफन किंग वाचलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. 'लुचाई' ही 'सालेम्स लॉट'वर आणि 'शपथ' ही 'इट'वर बेतलेली आहे. मूळ कादंबऱ्या वाचून झाल्या असतील तर या दोन्हींपासून सुरुवात नको. कथानक आधीच माहीत असल्याने धारपांची खरी हातोटी, म्हणजे परकी भीती मराठी घरात मुरवणं, नजरेतून निसटते. किंग वाचलाच नसेल तर मात्र 'लुचाई' बेलाशक घ्या. गावात एकेक दार बंद होत जाण्याचा परिणाम मराठीत इतका चढत गेलेला क्वचित सापडेल.

'तुंबाड' (२०१८) पाहून धारपांकडे वळणारेही बरेच. चित्रपटाचं बीज धारपांच्या 'आजी' या कथेत आहे, नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेलं. कथेत चित्रपटातला राक्षस हस्तर आणि सोन्याची नाणी शोधायला जाऊ नये. चित्रपटाच्या पहिल्या भागातली म्हातारी आणि तिच्यासोबत घरात अडकलेलं पोर, धागा एवढाच.

मतकरी (१९३८–२०२०) मुळात नाटककार, आणि कथेत ते पहिल्या परिच्छेदापासून जाणवतं. दहा-बारा पानं, दोन-तीन माणसं, बहुतेकदा शहरातलं मध्यमवर्गीय घर, आणि संवादातून हळूहळू बाहेर येणारं काहीतरी : मत्सर, अपराधाची टोचणी, एकटेपण, कधी न फिटलेलं देणं. भूत असेलच असं नाही. असलं तरी ते खरं की त्या माणसाच्या डोक्यातलं, याचा निकाल लेखक देत नाही. ज्यांना 'मग नक्की झालं काय?' याचं उत्तर लागतंच, त्यांची इथे चिडचिड होते. धारपांच्या बायका पुष्कळदा फक्त बळी असतात, मतकरींच्या बायकांना स्वतःची भूक, स्वतःचा राग असतो. हे एकच कारण मला मतकरी अधिक काळ टिकतील असं म्हणायला पुरेसं वाटतं.

त्यांचा धोका वेगळाच आहे. कथा शेवटच्या परिच्छेदात, कधी शेवटच्या वाक्यात उलटते. एका बैठकीत पाच-सहा कथा वाचल्या की मन त्या कलाटणीची आधीच वाट पाहायला लागतं आणि चौथ्या कथेपासून ती ओळखू येते. संग्रह सलग वाचायचा नसतो. दिवसाला एक, फार तर दोन. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'निजधाम' यांतला कुठलाही पहिला चालेल. टीव्ही मालिकांच्या पिढीला 'गहिरे पाणी' आठवत असेल. ती मालिका त्यांच्याच गूढकथांवरची, पण पडद्यावर जे दाखवावं लागतं ते कागदावर न दाखवता राहतं, म्हणून मालिका पाहिली असली तरी कथा वाचाव्यात.

थोडक्यात, धारपांची कादंबरी म्हणजे एक मोकळी संध्याकाळ हवी; मध्ये दोन दिवस गेले तर चढवत आणलेला ताण विरतो. मतकरींची कथा लोकलच्या अर्ध्या तासात बसते. धारप ऐकायलाही चांगले, कारण निवेदन सरळ, क्रमाने सांगितलेलं असतं. मतकरींच्या बाबतीत ऐकताना एक अर्धं वाक्य सुटलं तर शेवट कळत नाही, मागे जावं लागतं.

आता रहस्य. अर्णाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनी कित्येकांना वाचनाची गोडी लावली, हे खरंच. धनंजय-छोटू ही जोडी होम्स-वॉटसनच्या वळणाची. झुंझार आणि काळा पहाड हे कायद्याच्या कडेकडेने चालणारे नायक. पण आज वाचताना कोडं सोडवायच्या तयारीने बसू नये. इथे वेषांतर आहे, पाठलाग आहे, ऐनवेळी उघडणारं भुयार आहे; वाचकासमोर सगळे पुरावे मांडून त्याला गुन्हेगार ओळखायचं आव्हान देणं हा त्यांचा डाव नव्हे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना ही भाषा जुनी वाटते, साठीच्या पुढच्यांना तीच हवी असते.

शिरवळकर (१९४८–२००३) बरेच चपळ. 'दुनियादारी' या कादंबरीमुळे त्यांच्याकडे येणाऱ्यांना त्यांचं रहस्यलेखन ठाऊकच नसतं. फौजदारी वकील अमर विश्वासच्या कथांपासून सुरुवात करावी. कोर्टातली उलटतपासणी हे त्यांचं बलस्थान. दारा बुलंद हा त्यांचा दुसरा नायक म्हणजे वेगळाच, धाडसी मामला. तर्कशुद्ध तपास हवा असेल तर तो नंतर. आणि निव्वळ कोडंच हवं असेल तर मराठीतल्या मराठीत अनुवादांकडे जावं : मधुकर तोरडमलांनी केलेली अगाथा ख्रिस्ती, किंवा अशोक जैन यांच्या अनुवादातला सत्यजित राय यांचा बंगाली गुप्तहेर फेलूदा. फेलूदा दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हातीही बिनधास्त द्यावा. मतकरी त्या वयात नकोत.

आजचं, मोबाईल असलेल्या जगाच्या जवळचं काही हवं असेल तर हृषीकेश गुप्ते. 'घनगर्द'मधल्या दीर्घकथांत धारपांची चढण आणि मतकरींचं मनाचं अंधारं तळघर दोन्ही सापडतं, फक्त गती संथ आहे.

विकत घेताना काही गोष्टी तपासाव्यात. धारपांची बरीच पुस्तकं साकेत प्रकाशनाने नव्याने काढली आहेत, त्यामुळे जुन्या आवृत्तीसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. मुखपृष्ठावरून कथासंग्रह की कादंबरी हे कळत नाही. अनुक्रमणिका उघडून पाहा. मलपृष्ठावरचा मजकूर वाचू नका, तिथे निम्मं रहस्य फोडलेलं असू शकतं. जुन्या बाजारातली किंवा लायब्ररीने पुन्हा बांधलेली प्रत असेल तर शेवटचा फॉर्मा, म्हणजे शेवटची सोळा पानं, जागेवर आहे का ते आधी बघा. धारपांचं शेवटचं पान नसलं तर एक वेळ चालून जातं, सामना आधीच झालेला असतो. अर्णाळकर, शिरवळकरांत गुन्हेगार हरवतो. मतकरींच्या संग्रहात शेवटच्या कथेचा जीवच जातो.

इतकं वाचूनही ठरत नसेल तर लायब्ररीतून 'अनोळखी दिशा'चा पहिला भाग आणि मतकरींचा एखादा संग्रह एकदमच आणा. 'अनोळखी दिशा' धारपांच्या कथांचा असल्याने तुलना बरोबरीची होते. दोन्हींतल्या दोन-दोन कथा आलटून पालटून वाचा, रात्री नव्हे, दुपारी. रात्री सगळंच चांगलं वाटतं. पाचव्या कथेसाठी हात ज्या पुस्तकाकडे जाईल, त्या लेखकाचं पुढचं पुस्तक विकत घ्या. कुठेच गेला नाही तर फेलूदा आहेच.