हिपॅटायटिस बी: एचबीएसएजी, टायटर की सरळ इंजेक्शन?

भाचीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि कॉलेजनं हिपॅटायटिस बीचा रिपोर्ट मागितला. सात रस्त्याजवळच्या एका लॅबमध्ये जाऊन आम्ही काउंटरवर तेवढंच सांगितलं. थोड्याच वेळात कार्डावर एकच रेघ उमटली, रिपोर्टवर ‘नॉन-रिॲक्टिव्ह’. ताईनं लगेच देव्हाऱ्यात साखर ठेवली. कॉलेजनं रिपोर्ट तसाच परत केला: ‘हे नको, टायटर आणा,’ म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींचा आकडा.

चूक आमची होती. झालेली टेस्ट एचबीएसएजी, म्हणजे रक्तात आत्ता विषाणू आहे का, एवढंच बघणारी. तो नाही म्हणजे लस लागू पडली, असं नव्हे. लस न घेतलेल्या धडधाकट माणसाचाही रिपोर्ट हाच येईल. (लस घेतल्यावर दोनतीन आठवडे ही टेस्ट करूच नये. लशीतलाच अंश सापडून रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो आणि घरात नुसती रडारड.)

प्रतिकारशक्ती कळते ती अँटी-एचबीएसमधून, म्हणजे या विषाणूविरुद्धच्या अँटिबॉडी बघणाऱ्या टेस्टमधून. त्यातही नुसतं ‘आहे-नाही’ सांगणारी टेस्ट स्वस्त पडते, पण मी आकड्याचीच घ्या म्हणेन. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी केलेल्या टेस्टमध्ये 10 किंवा त्याहून जास्त आलं, की निरोगी माणसाचं काम झालं. पुढे आकडा घसरला तरी शरीराची आठवण राहते. तो कागद लॅमिनेट करून ठेवा, नोकरीत दहादा मागतील.

भाचीचं गाडं इथंच अडलं. डोस तान्हेपणीचे, टायटर आला 4. ताई म्हणाली, ‘म्हणजे लस वायाच गेली की!’ तसं नसतं. इतक्या वर्षांनी आकडा खाली येतोच. डॉक्टरांनी एक डोस दिला, महिन्याभरानं परत रक्त घेतलं, तेव्हा तीनशेच्या वर गेला. तसा गेला नसता तर आणखी दोन डोस आणि पुन्हा टायटर. तरीही 10 च्या खालीच राहिला, तर एचबीएसएजी बघतात. ती निगेटिव्ह असेल, तर अशा माणसानं रुग्णाला वापरलेली सुई चुकून टोचल्यावर एक दिवसही न दवडता इम्युनोग्लोब्युलिनसाठी, म्हणजे तयार अँटिबॉडीच्या इंजेक्शनसाठी, डॉक्टरांकडे जायचं.

लस कधी घेतलीच नसेल, तर आधी टायटरवर पैसे घालू नका. आज, महिन्यानं आणि सहाव्या महिन्यात असे तीन डोस घ्या, टायटर नंतर. मात्र घरात कुणाला ही लागण असेल, तर सुरुवातीलाच एचबीएसएजीसोबत अँटी-एचबीसीही करा. लशीनं ती कधीच पॉझिटिव्ह होत नाही, त्यामुळे जुना संसर्ग होऊन गेला असेल तर तिच्यातूनच कळतं.

दवाखान्याशी संबंध नसलेल्याला लशीनंतर टायटरची सहसा गरज नसते. डायलिसिसवाल्यांचं वेगळं, त्यांना दरवर्षी करावा लागतो आणि 10 च्या खाली गेला की बूस्टर. आईला लागण असेल, तर बाळाच्या दोन्ही टेस्ट, एचबीएसएजी आणि टायटर, नऊ ते बारा महिन्यांचं असताना करतात.

उपाशीपोटी जायची गरज नाही. काउंटरवर मात्र ‘अँटी-एचबीएस, आकड्यात’ असं म्हणा आणि पावतीवर तेच लिहिलंय ना, हे पैसे देण्याआधी वाचा. कार्ड टेस्ट आमच्यासमोरच झाली, टायटरची नळी पुण्याला गेली आणि रिपोर्ट तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर आला. कॉलेजची मुदत त्याच दिवशी दुपारी संपली होती.